भाकऱ्यांच्या कागदातलं झाड

लातुरात आजवर जी काही हुशार माणसं झाली, त्यांतला सर्वांत बिनउपयोगी हुशार माणूस आमच्या समोरच्या घरात राहत होता, आणि हे मी पुरता विचार करून व अतिशय मायेनं लिहिते आहे. मागच्या महिन्यात तुम्ही दोघांनी कॉम्प्युटरवर कुठूनसा एक फोटो शोधून मला पाठवलात. जाड कागदावर चिकटवलेली सुकी फांदी, बाजूला दोन फळं, खाली लेबल. ‘आजी, हे झाड तुमच्या तिकडचं आहे म्हणे, आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं काय लिहिलंय ते लागत नाही,’ असं तुम्ही विचारलंत. ते अक्षर इथंही कोणाला लागत नसे. सरांचं अक्षर वाचणारी माणसं जगात दोनच, एक त्यांची बायको, म्हणजे समोरच्या भाभी, आणि दुसरी मी. तेव्हा त्या ओळीचं उत्तर मलाच द्यायला हवं.

समोरचे सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. मूळचे नांदेडचे. त्यांच्या वडिलांचा पुस्तकं बांधायचा धंदा होता. वडील गेल्यावर भावांनी दुकान घेतलं, यंत्रं घेतली, आणि सरांनी फक्त पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा मागून घेतला. त्यात ते पानं दाबत. गळ्यात चांदीच्या ताइतासारखं एक भिंग असे, ते भाभींच्या परकराच्या नाडीत ओवलेलं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, म्हणून ते माणसांचंही झाडासारखंच वर्णन करीत. एकदा कोणी पाहुणे तुमच्या आजोबांचं घर विचारत आले, तर सर म्हणाले, “हाव, इथंच राहतात. उंची मध्यम, खोड सरळ, माथ्यावर लव विरळ.” पाहुणे नेमके आमच्याच दारात आले, हे विशेष. गल्लीतल्या एका लग्नात सगळे अक्षता घेऊन उभे, आणि हे मांडवाच्या दाराशी भिंग लावून तोरण तपासत होते. “हे आंब्याचं न्हाई,” त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं. मुलीची आई रडायच्या बेतात आली. मग स्वतःच कॉलेजच्या आवारात सायकल हाणत गेले आणि आंब्याचे डहाळे घेऊन आले. लग्न अर्धा तास खोळंबलं, पण तोरण खरं झालं.

असे हे सर एका वर्षी भोकरच्याही पुढं, किनवटकडच्या जंगलात मुलांची सहल घेऊन गेले आणि एका ओढ्याच्या काठी उभ्या असलेल्या झाडानं त्यांना अडवलं. हे झाड कुठल्याच पुस्तकात बसेना. पानं एका कुळाची, साल दुसऱ्याच कुळाची. अख्ख्या रानात हिंडून त्यांना अशी सातच झाडं सापडली. “नवं झाड सापडलं का हो?” मी विचारलं. “नवं आपल्याला, बाई. तिथल्या शेळ्यांना ते कवापासून ठाऊक हाय.” मी शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळं गल्लीत मला सगळे बाईच म्हणत. सरांनी मला समजावून सांगितलं की झाड नुसतं सापडून उपयोग नसतो. त्याचं फूल आणि फळ दोन्ही सुकवून, मोजून, त्याचं रीतसर वर्णन छापून आलं म्हणजे मगच ते जगाच्या दृष्टीनं आहे. तोवर ते नाही. आणि हे झाड दरसाल फुलत नव्हतं.

त्यांनी वाट पाहिली. दर चैत्रात एस.टी.नं जायचे आणि हात हलवत परत यायचे. फाटकातूनच ओरडायचे, “यंदा न्हाई!” शेवटी एका चैत्रात फूल मिळालं, आणि पावसाळ्याच्या तोंडाशी फळही. जुन्या वर्तमानपत्रांत घालून, शिकंज्यात दाबून, रोज कागद बदलून त्यांनी ते सुकवलं. त्यांचं घर पत्र्याचं, ठिकठिकाणी गळणारं. तेव्हा तो सगळा गठ्ठा ते आमच्या मागच्या व्हरांड्यात घेऊन आले. “तुमच्या घरात वस्तू हरवत न्हाई, बाई,” ते म्हणाले. तसा माझा लौकिक होताच. डब्यांवर, कपाटांवर, किल्ल्यांवर, सगळीकडे मी चिठ्ठ्या लावलेल्या असत. भाभी म्हणाल्या, “बाई, इनको भी दाबके रखो उस शिकंजेमें, ऊपर चिठ्ठी लगाव!” गठ्ठा ठेवून घेतला. गणपती झाले की वर्णन लिहून छापायला पाठवू, असं ठरलं.

गणपती विसर्जन झालं आणि उजाडायच्या आत भूकंप झाला.

आपल्या घराला दोन भेगा पडल्या, तेवढंच. पण औसा-निलंग्याकडची गावंच्या गावं गेली होती. सर कॉलेजची मुलं घेऊन ढिगारे उपसायला गेले. आणि आमच्या अंगणात सगळ्या गल्लीच्या बायका भाकऱ्या करायला बसल्या. घरात जायला कोणी धजत नव्हतं, म्हणून अंगणातच चुली मांडल्या होत्या. भाकऱ्यांची व्यवस्था अर्थातच माझ्याकडे होती. पाच भाकऱ्या, वर चटणी, कागदात गुंडाळायचं, दोऱ्यानं बांधायचं. ट्रक दारात उभा होता आणि कागद संपला. मी धावत मागच्या व्हरांड्यात गेले, हाताला लागला तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलला आणि धावत बाहेर आले. कागदांत पालापाचोळा होता. मळक्या कागदात भाकरी बांधणं मला पटेना. म्हणून मी स्वतः, माझ्या हातांनी, एकेक कागद उलगडून नीट झटकला. खाली पडलेला कचरा केरसुणीनं गोळा केला आणि चुलीत घातला. चांगला भुरकन पेटला, हेही मला आठवतं.

कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, व्हरांड्यात सरांच्या गठ्ठ्याची जागा रिकामी दिसली तेव्हा.

सर चार दिवसांनी परतले. अंगावर मातीच माती, आवाज बसलेला. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. ते बराच वेळ भिंगाची नाडी बोटाला गुंडाळत राहिले. मग म्हणाले, “भाकऱ्या पोचल्या का, बाई?”

“पोचल्या.”

“मग झालं. झाड हाय तिथंच. फुलंल परत.”

नंतर कित्येक वर्षं त्यांनी तो विषय काढला नाही. पण मला हिशेब कळत होता. सात झाडं, पुढचं फूल कधी ते कोणी सांगू शकत नव्हतं, आणि त्या रानात कुऱ्हाडी रोज फिरत होत्या. फुलायच्या आत ती सात झाडं गेली असती, तर ते झाड जगात कधी नव्हतंच असं झालं असतं, आणि ते माझ्यामुळं.

पुढच्या वर्षांत लातूरचं रूप पालटलं. गावोगावची मुलं डॉक्टर व्हायला इथं येऊ लागली, गल्लोगल्ली क्लास निघाले, घराघरांत खोल्या भाड्यानं लागल्या. जीवशास्त्र शिकवणाऱ्याला तर लोक रस्त्यातून उचलून न्यायचे. सरांनाही एका क्लासवाल्यांनी नेलं. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांना एक पान दिलं आणि तासभर नुसतं बघायला सांगितलं. तेही मालकांनी सोसलं. पण ऐन परीक्षेच्या तोंडावर सरांनी चैत्राची रजा मागितली. “सर, परीक्षा महिन्यावर आली अन् तुम्ही झाड बघायला चालले?” मालक म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, “परीक्षा दरसाल येते. झाड दरसाल फुलत न्हाई.” क्लास तिथंच सुटला. त्यांच्या बरोबरीच्यांचे बंगले झाले, सरांचे पत्रे तेच राहिले. भाभी चिडायच्या, आणि एस.टी.च्या वाटेसाठी दशम्याही करून द्यायच्या. दर चैत्रात मी फाटकाशी उभी राहायची. दर चैत्रात तो आवाज यायचा, “यंदा न्हाई!”

आणि एका वर्षी आवाज आलाच नाही. सर सायकल हातात धरून, सावकाश, जणू काही सांडेल अशा बेतानं चालत आले. मी फाटक उघडून धरलं. भाभींनी दारातून माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. पावसाच्या आधी ते फळंही घेऊन आले. हा गठ्ठा मी माझ्या पलंगाखाली ठेवला, आणि तो सुकेपर्यंत घरात एकही वर्तमानपत्र येऊ दिलं नाही.

वर्णन आम्ही आमच्या जेवणाच्या टेबलावर लिहिलं. सर सांगायचे, मी इंग्रजीत घालायची. पानाची लांबी, देठाची लांबी, सालीचा रंग ओली असताना आणि वाळल्यावर, पाकळीच्या आतल्या बाजूची लव. मी एकदा ‘सुंदर फुले’ असं लिहिलं, तर त्यांनी माझी पेन्सिल थांबवली. “सुंदर म्हणजे किती मिलिमीटर, बाई?” मी ते खोडलं. नाव त्यांनी त्या ओढ्याचं दिलं. माणसांची नावं माणसांना पुरेत, म्हणाले. सगळं संपल्यावर, पूर्वीच्या नमुन्यांची नोंद करायच्या जागी, त्यांनी मला एक वाक्य लिहायला सांगितलं. पहिले नमुने भूकंपग्रस्तांसाठी भाकऱ्या बांधताना खर्ची पडले. मी म्हटलं, “हे कशाला? हे शास्त्रात बसत नाही.”

“झालं ते लिहायचं. तुम्हीच तर सगळ्यावर चिठ्ठ्या लावता.”

मी लिहिलं. शास्त्राच्या नियतकालिकाच्या संपादकांनी ते वाक्य काढून टाकलं आणि बाकीचं छापलं. पण तोवर तो नमुना लेबल लावून कायमचा जपून ठेवायला वनस्पतींच्या संग्रहालयाकडे रवाना झाला होता, आणि लेबलाच्या कोपऱ्यात त्यांनी आधीच पेन्सिल चालवली होती. तुम्हाला न लागलेली ओळ अशी आहे: ‘पहिली फुलं भाकऱ्यांसंगं गेली. भाकऱ्या पोचल्या.’

आता सर आणि भाभी नांदेडला लेकीकडे असतात. जाताना त्यांनी मला एक बी दिलं होतं. “तुमच्या घरात वस्तू हरवत न्हाई,” असंच म्हणाले, आणि त्या म्हणण्यात टोमणा अजिबात नव्हता, हेच मला जास्त लागलं. ते मी मागच्या व्हरांड्यासमोर लावलं. आता ते छपरापर्यंत आलं आहे. दर चैत्रात नांदेडहून फोन येतो. सरांना हल्ली कमी ऐकू येतं, म्हणून मला ओरडावं लागतं.

“फुललं का, बाई?”

“यंदा न्हाई!”

“हाव. फुलंल.”

तुमची आई परवा फोनवर म्हणाली की कामवाल्या बाई तक्रार करतात, मागचं अंगण आजी झाडू देत नाहीत. खरं आहे. बाकी घर मी अजून तसंच ठेवते, डब्यांवर चिठ्ठ्याही आहेत. फक्त त्या झाडाखाली पडेल ते पडू देते. आधी वाकून नीट बघते, आणि मग तिथंच राहू देते.