परटिणी कुणाच्या हाकंला आल्या?

भुताखेताचं मला कधी पटलं न्हाय. कुणी असलं सांगायला लागलं की मी उठून जायचो. पण हे माझ्यासमोर झालंय, म्हणून लिहितोय. शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा सांभाळून घ्या.

मी कबनूरचा. आयुष्यभर माग चालवला, कान त्या खडखडाटात गेले. घरामागं परस, परसाला लागून पाणथळ रान. आधी तिथं ऊस व्हायचा, पुढं रान खारावलं, पाणी साचून ऱ्हायलं. हिवाळ्यात तिथं बदकं उतरत्यात. आणि शेपूट हलवणारी बारकी पाखरं... आम्ही परटीण म्हणतो. माझी बायको परसात दगडावर भांडी घासताना त्यांना खरकटा भात टाकायची. पाखरांचा आवाज मला कुठला यायला? मग ती माझ्या कानाशी वरडायची, "अवो, या! आली बघा!" ती ऐकायची, मी बघायचो.

दोन हजार चारच्या पावसाळ्यात ती गेली. लेक म्हणाला, कानाची मशीन आणतो. मी म्हटलं, "आता कुणाचं ऐकायचं हाय?"

त्या हिवाळ्यात मी भात टाकून बघितला. परटिणी परसात यायलाच तयार न्हाईत.

एका सकाळी लेक-सून जयसिंगपूरला लग्नाला गेलती. मी घराकडं पाठ करून बांधावर बसलो होतो. भात टाकलाच न्हवता. एकदम रानातल्या सगळ्या परटिणी उठल्या, माझ्या डोक्यावरनं परसात गेल्या आणि त्या दगडाभोवती उतरल्या.

बांधावरनं एक अनोळखी धनगर मेंढरं घेऊन चालला होता. हात करून जवळ आला, कानाशी वरडला, "ओ बाबा! म्हातारी कवाधरनं हाका मारतीया. भांडण झालंय काय? जावा की!"

"कुठली म्हातारी? घरात कोण न्हाय, पावणं."

"मला खुळं समजलाय व्हय? 'अवो, या, आली बघा' म्हणतीया की!"

"तुम्ही बघितली?"

"न्हाय. आवाज तेवढा आला."

उठून गेलो. मागच्या दाराला मी घातलेलं कुलूप तसंच. शेजारचं घर बंद. दगड कोरडा. परटिणी मात्र मला बघूनबी हलल्या न्हाईत.

त्या माणसाला ते शब्द कुठनं ठाऊक? मला आजबी सांगता येत न्हाय.

संध्याकाळी लेकाला म्हटलं, मशीन आण. आता रोज सकाळी ती लावून परसात बसतो. परटिणीचा आवाज लई बारीक असतो, हे या वयात कळलं. लांबचे मागबी ऐकू येत्यात.

तिची हाक अजून आली न्हाय.