काटा शून्यावर येईना

एक जण सोडून हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही — दोघेही गेले, आणि त्यांच्याबरोबर सांगायची सोयही गेली. आता तुम्हीच उरलात. तर आधी माझा मूर्खपणा सांगते, पाप नंतर. मूर्खपणा सांगायला सोपा. माणूस हसतो, आणि हसणाऱ्या माणसाला पुढचं सांगायला जरा धीर येतो.

मूर्खपणा असा. नववीच्या भरल्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं — रस्सीखेचीत जिंकणारा संघ दोरी जास्त बलाने ओढतो, हरणारा कमी बलाने. आणि खाली दोन रेघा मारल्या. दोन! आदल्याच आठवड्यात क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात हे मीच पोरांकडून घोकून घेतलेलं. तो नियम पुस्तकातला, आणि रस्सीखेच गावातली — ह्या दोघांची कधी गाठ पडत असेल असं ह्या विज्ञानाच्या बाईंना वाटलंच नव्हतं.

कोण होत्या ह्या बाई? वय सव्वीस, कडक इस्त्रीचं सुती पातळ, पदवी वनस्पतीशास्त्राची. पानांच्या शिरा विचारा, धडाधड सांगतील. बल आणि गती मात्र रात्री वाचून सकाळी शिकवायच्या. चूक सापडली की चष्मा पुसायच्या — चष्म्यावर धूळ नसली तरी. मला आज ती बाई रस्त्यात भेटली ना, तर मी तिचा चष्मा काढून घेईन आणि म्हणेन, आता पूस काय पुसतेस ते.

शाळा आटपाडीकडच्या एका गावातली. मी नदीकाठची, उसाच्या पट्ट्यातली; शाळेच्या गावी माळावर खोली करून राहिलेली. त्या गावाला रस्सीखेचीचं भारी वेड. जत्रेत एका बाजूला फौजेतून सुट्टीवर आलेले, दुसऱ्या बाजूला गावातले गडी. एखादं साल सोडलं तर फौजीच जिंकायचे आणि दरसाल गाव म्हणायचं, खाण्यापिण्याचा फरक हाय गड्या, जोर हाय त्यांच्यात. मीही जत्रेत टाळ्या वाजवल्या आणि तेच फळ्यावर उतरवलं. गाव म्हणतंय म्हणजे विज्ञान म्हणत असणार — नाही का?

तेव्हा छाया उठली. तिसऱ्या बाकावरची, गावच्या बौद्ध वस्तीतली. घरचं पाणी भरून शाळेत येणारी, त्यामुळे परकराचा काठ कायम ओला. ती म्हणाली, "बाई, दोरी दोन्हीकडं सारखीच ताणलेली असतीया. जोर पायात असतोय. फौजी बुटं घालून वढत्यात, आपली मान्सं अनवाणी. मागल्या साली त्यास्नी बुटं काढाय लावली, तवा हारली की!"

वर्ग हसला. मला वाटलं, मला हसला. नव्हता हो — बुटं काढलेल्या फौजींना हसला होता. पण मी लालबुंद. म्हटलं, "बस खाली. बुटांचा तास नाही हा." तरी ती उभीच. म्हणाली, प्रयोगशाळेत दोन ताणकाटे हायती, एकमेकांत अडकवून बघू की.

ताणकाटा म्हणजे आत स्प्रिंग असलेली पट्टी — खाली हूक, वर कडी, ओढलं की काटा खुणांवरून सरकतो. दोन्ही मागवले. एक छायाच्या हातात, दुसरा वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराच्या हातात, हुकात हूक. त्याने असं ओढलं की छाया फरफटत दोन पावलं पुढे गेली. आणि काटे? दोन्ही तीनवर. पुन्हा ओढलं, दोन्ही चारवर. ती हरत होती आणि तिचा काटा हरत नव्हता!

शिक्षिकेच्या आयुष्यात असा क्षण किती वेळा येतो? त्यावेळी मी नुसतं "अगं, खरंच की" म्हणायचं होतं. तीन शब्द. मी काय म्हटलं — "काटे जुने आहेत. उद्या नीट बघू." आणि चष्मा पुसला.

आता तिथवर पोचले. इथे माझं लिहिणं अडतं. कालपासून चारदा अडलंय. जाऊ दे, एका दमात सांगते.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी प्रयोगशाळेत गेले, दार लोटलं. एका ताणकाट्याचा हूक कपाटाच्या कडीत अडकवला, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी ओढला. स्प्रिंग परत जायचं विसरेपर्यंत ओढला. प्रत्येक स्प्रिंगची एक हद्द असते, त्यापलीकडे ताणली की ती पूर्ववत होत नाही — हे मात्र मला पक्कं ठाऊक होतं बरं का. माझ्या ज्ञानाचा तेवढाच काय तो उपयोग झाला. मग तो बिघडवलेला काटा मी ओळखून वेगळा ठेवला. दांडग्या पोराला तो द्यायचा, म्हणजे त्याचा काटा जास्त दाखवणार. म्हणजे फळा खरा. म्हणजे मी खरी.

कुणापुढे खरी व्हायचं होतं मला? चौदा वर्षांच्या पोरीपुढे! आठवलं की आजही हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

पण पापाचंही गणित यायला लागतं. वर्गात घाई झाली आणि बिघडलेला काटा नेमका छायाने उचलला. तिने तो सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि शांतपणे म्हणाली, "बाई, ह्यो न वढताच दोन दाखवतोय. काटा शून्यावर येईना." तेवढ्यात फेरीवर असलेले मुख्याध्यापक दारात. शाळेत मोजून दोनच ताणकाटे, दोन्ही त्यांनी तालुक्याला खेटे घालून मिळवलेले. त्यांनी विचारलं, कुणी ताणला हा?

मी म्हटलं, "छायाच्या हातात होता, सर."

बघा — एक अक्षर खोटं नाही त्या वाक्यात. तपासून बघा. तिच्याच हातात होता. खोटं बोलायचं धाडसही नव्हतं माझ्यात, म्हणून मी खऱ्यालाच कामाला लावलं. सर म्हणाले, "ह्यांच्या हातात वस्तू द्यायच्याच कशाला, बाई?" ह्यांच्या म्हणजे कुणाच्या, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला कळलं. मलाही कळलं. मी तोंड उघडलं का? नाही. तो प्रश्न माझ्या उपयोगाचा होता. त्या एका शब्दाने माझी सुटका केली, मग मी त्याला कशाला टोकू?

छायाने माझ्याकडे पाहिलं.

तिला प्रयोगशाळा बंद झाली, वर्षभरासाठी. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला घर्षणाचा प्रयोग घेऊन ती जाणार होती — उतरत्या फळीवर पोतं, फरशी आणि काच ठेवून त्यावरून लाकडाचा ठोकळा कुठे घसरतो आणि कुठे अडतो ते दाखवायचं, सगळी तयारी तिची. तो प्रयोग घेऊन दुसरी मुलगी गेली. मीच शिकवलं तिला, छायाच्या वहीतून. दहावीनंतर छाया आर्ट्सला गेली. गुण चांगले होते. विज्ञानाला का नाही, असं तिला कुणी विचारलं नाही. मी तर नाहीच.

आणि अजून एक आहे, तेही सांगून टाकते. पुढे माझी बदली झाली, सांगलीत आले, निवृत्त होईपर्यंत बल आणि गती शिकवत राहिले. माझा हा धडा गाजलेला. दुसऱ्या शाळांतले शिक्षक ऐकायला यायचे. मी वर्गाला मैदानात न्यायची, दोर लावायची, एका संघाला बूट काढायला लावायची आणि शेवटी थांबून म्हणायची — मुलांनो, दोरी दोन्हीकडे सारखीच ताणलेली असते, जोर पायात असतो. जो जमिनीला जास्त रेटतो, तो जिंकतो. टाळ्या! कुणाचं वाक्य ते? तिचं. नुसतं शुद्ध भाषेत धुऊन घेतलं होतं मी. ज्या बुटांवरून तिला खाली बसवलं, त्याच बुटांवर मला शाल-श्रीफळ मिळालं.

गेल्या महिन्यात नात नववीचं पुस्तक घेऊन बसली होती. तिने हाच प्रश्न विचारला, मी हेच उत्तर दिलं. ती म्हणाली, "आज्जी, तुला कसलं भारी सुचतं गं!" मी तिच्यावर खेकसले. बिचारी बघतच राहिली. तिचं काय चुकलं होतं? पण ते सुचलेलं माझं नव्हतं, चाळीस वर्षं नव्हतं.

दोन दिवस चौकशा करून पत्ता काढला. छाया पाटण तालुक्यात ग्रामसेविका आहे, निवृत्तीला आलेली. सांगलीहून एसटीने गेले, मांडीवर पिशवी, पिशवीत पेढे — पेढे! माफी मागायला निघालेली म्हातारी बारशाला निघाल्यासारखी. तिने दारातच ओळखलं, पाया पडायला वाकली. मी तिचे हात धरले, पडू दिलं नाही. आत गेले आणि बसायच्या आधी सगळं सांगितलं. कपाटाची कडी, खोचलेला पदर, "छायाच्या हातात होता, सर", आणि तिचं वाक्य माझं म्हणून खपवलेलं. माफी मागायची म्हणून गेले होते, पण तो शब्द काही काढला नाही. माफी मागितली की तिला काहीतरी द्यावं लागलं असतं, आणि तिच्याकडून मी आधीच पुष्कळ घेतलं होतं.

ती ऐकत राहिली. रडली नाही, चिडली नाही. समोरची खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली:

"मला ठावं हाय, बाई. खिडकीतनं बघितलं व्हतं मी तुमाला, काटा वढताना. वर्गात तुमचं नाव घ्याचं न्हवतं, म्हणून निस्तं म्हटलं, काटा शून्यावर येईना. वाटलं, बाई आपणहून सांगतील. दहावीचा शेवटचा पेपर हुईस्तवर रोज वाटायचं — आज सांगतील."