कंट्रोलची टाकी

गांगुर्डेमामा आमच्या प्रयोगशाळेत अनवाणी यायचे. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, ‘बूट घातल्याशिवाय आत येऊ नये’, आणि नेमक्या त्या पाटीखाली मामांच्या चपला काढून ठेवलेल्या असायच्या. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना टोकलं. ते शांतपणे म्हणाले, “ताई, आत टाक्या खात्यात. खाणाऱ्यासमोर चपला घालून जाऊ नाय.” मी नुकतीच पीएच.डी.ला लागलेली, अंगात भरपूर शहाणपण. म्हटलं, हे गृहस्थ आपल्याला चांगलाच ताप देणार.

नाशिकच्या वेशीवरचं आमचं अभियांत्रिकी महाविद्यालय, मागच्या बाजूला पत्र्याची शेड, शेडमध्ये निळ्या प्लास्टिकच्या सहा टाक्या. लासलगावच्या बाजारात टाकून दिलेला सडका कांदा आणायचा, शेणात कालवून या टाक्यांना घालायचा आणि किती गॅस निघतो ते मोजायचं, हे माझं संशोधन. मैत्रिणी मला ‘कांद्याची डॉक्टर’ म्हणायच्या. हसण्यावारी नेलं तरी काम किचकट होतं. नुसता कांदा घातला की टाकी आंबते आणि गॅस बंद होतो. शेण किती, कांदा किती, हे प्रमाण सापडलं तर तो सगळा नासका माल कुणाच्या तरी चुलीला उपयोगी पडला असता.

मामा तिथले परिचर, मूळचे नांदगावकडचे. टाक्यांना रोजचं खाद्य घालणं त्यांच्याकडे, आकडे लिहिणं माझ्याकडे. ते झाकण उघडून वास घ्यायचे आणि जाहीर करायचे, “तीन नंबर आंबली. आज हिला कांदा नको.” मी मुद्दाम आंबटपणा मोजायचा मीटर लावून बघायचे. मीटर ठीक दाखवायचा आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच आंबट दाखवायला लागायचा. “मीटर चांगला हाय,” मामा म्हणायचे, “पण उशिरा बोलतो.” वर्षभरात मी खाद्य घालण्याआधी मामांच्या तोंडाकडे बघायला शिकले होते. हे मार्गदर्शक सरांना मात्र कधी सांगितलं नाही.

सहावी टाकी वेगळी होती. तिच्यात नुसतं जुनं शेणपाणी, वरून काही घालायचं नाही. ते शेणपाणी स्वतःचा किती गॅस देतं ते मोजायचं आणि तेवढा बाकीच्या पाच टाक्यांतून वजा करायचा, म्हणजे कांद्याचा खरा गॅस कळतो. अशा टाकीला आम्ही ‘कंट्रोल’ म्हणतो. मी तशी चिठ्ठी चिकटवली. खाद्याच्या तक्त्यात तिच्यापुढे एक रेघ मारली आणि विसरून गेले.

तिचा गॅस हळूहळू कमी होत जायला हवा होता, पण ही टाकी दर महिन्याच्या सुरुवातीला जास्तीचा गॅस द्यायची. चार-पाच दिवस आकडा चढायचा, मग उतरायचा. मी नळ्या बदलल्या, सांधे तपासले, हवामानाला दोष दिला. वार्षिक आढाव्याच्या समितीपुढे तो आलेख ठेवला तेव्हा बाहेरून आलेले एक प्राध्यापक चष्म्यावरून बघत म्हणाले, “काही न खाता ही टाकी महिन्याच्या महिन्याला जास्तीचा गॅस देते? आकडे घरी बसून भरलेत का?” पंधरा दिवसांत लेखी खुलासा द्या, नाहीतर नोंदणी रद्द करण्याची शिफारस करू, असं सांगून त्यांनी मला बाहेर पाठवलं. दोन वर्षांचं काम आणि वर खोटारडेपणाचा शिक्का. शेडमध्ये येऊन मी पायरीवर बसले आणि सरळ रडले.

मामांनी चहा आणून दिला. काय झालं, विचारलं. मी म्हटलं, “कंट्रोलमधून जास्तीचा गॅस येतोय मामा. काहीच न घालता.”

“काहीच न घालता कसा येईल?” मामा म्हणाले. “मी घालतो की.”

मला आधी कळेचना. मामा समजावून सांगायला लागले. “चिठ्ठीवर कंट्रोल लिवलंय. कंट्रोल म्हंजी रेशनचं दुकान. म्हनलं, हिला रेशनवर ठेवलीय. बाकीच्यांना रोज, हिला महिन्याला एकदा. एक तारीख झाली की पाटीभर घालतो. कधी चुकवलं नाय.”

मी तापट आहेच. त्या दिवशी तर तोंडाला धरबंध राहिला नाही. मी त्यांना अडाणी म्हणाले, माझं वाटोळं केलंत म्हणाले. वडिलांच्या वयाच्या माणसाला. आजही ते आठवलं की मला माझी शरम वाटते. मामा उभे राहून सगळं ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “मग कंट्रोल म्हंजी काय?”

तेव्हा कुठे मी त्यांना वजाबाकी समजावली. दोन मिनिटं लागली. मामा म्हणाले, “म्हंजी रिकामा ट्रॅक्टर. बाजारात भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढवत्यात, मग कांदा उतरवून रिकामा चढवत्यात. दोन्हीतला फरक तो आपला माल. आधी बोलायचं ना ताई. रिकाम्या ट्रॅक्टरात मी कशाला कांदा टाकला असता?”



सरांचं म्हणणं, परिचराची चूक असं लिहून मोकळी हो. पण मामांची निवृत्ती सहा महिन्यांवर आलेली. सेवापुस्तकात शेरा पडला की पेन्शनचे कागद अडणार, हे ऑफिसातला कुणीही सांगेल. म्हणून मी ‘उपकरणातील बिघाड’ असं लिहिलं.

खुलाशाच्या दिवशी मी समितीसमोर तो कागद वाचत होते, तेवढ्यात मामा न बोलावता आत आले. “साहेब, बिघाड कुठंच नव्हता,” ते म्हणाले. “टाकीला मी खाऊ घालत होतो. ताईंना ठाऊक नव्हतं. पण घालायचं नाय हे ताईंनी मला सांगितलंबी नव्हतं. दोन्ही लिवून घ्या.” आणि तक्रार नाही, विनंती नाही, हात बांधून उभे राहिले. माझा कागद माझ्याच हातात चुरगळला.

समितीने मला प्रयोग पुन्हा करायला एक वर्ष दिलं. मामांच्या सेवापुस्तकात शेरा पडलाच, आणि त्यांचे कागद बरेच महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. मामांनी त्याबद्दल मला एका शब्दानं बोल लावला नाही.

प्रबंध पुरा झाला तशी मी त्याची कच्ची प्रत घेऊन नांदगावला त्यांच्या घरी गेले. ते आजारी होते, खाटेवर बसूनच बोलले. प्रबंध इंग्रजीत, म्हणून पहिला प्रयोग का फसला ते पान मी मराठीत करून वाचलं. संशोधिकेने परिचरास पुरेशी माहिती दिली नाही, चूक सर्वस्वी तिची, असं मी लिहिलं होतं. मनातून थोडी खूशही होते स्वतःवर.

“माझं कुठंय?” मामांनी विचारलं.

“चूक माझीच होती, मामा.”

“अर्धी तुमची. माझी अर्धी मला द्या,” ते म्हणाले. “इतकी वर्सं त्या शेडमधी काढली. कंट्रोल म्हंजी काय, हे एकदाबी विचारलं नाय. लाज वाटायची. सगळी तुमच्याकडं घेतली तर मी कोन? नुसता पाटी टाकनारा?”

पक्की प्रत अजून बांधायची होती. ते पान मी नव्याने लिहिलं, मामांचं संपूर्ण नाव घातलं. बांधलेली प्रत घेऊन गेले तोवर मामांना जाऊन बारा दिवस झाले होते. मामींनी प्रत मांडीवर घेतली, मला मामांच्या नावावर बोट ठेवायला लावलं आणि विचारलं, “काय लिवलंय त्यांचं?”

मी वाचून दाखवलं.

“चूक लिवलीय की ओ त्यांची,” मामी म्हणाल्या.

“हो मामी,” मी म्हटलं. “त्यांनी मागून घेतलीय.”