विहिरीवर नावं ठेवायची नाहीत

फोन आला तेव्हा मी लेकीची वेणी घालत होते. राजुरीहून आतेभाऊ बोलत होता. "ताई, आई गेली गं... पहाटं झोपेतच." त्या फोनला आता महिना उलटून गेला. तरी आत्याचं नाव निघालं की ती मला घरात, देवापाशी किंवा खाटेवर दिसत नाही. दिसते ती विहिरीच्या कडेला, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, उडी घ्यायच्या बेतात.

आत्या अंगानं थोराड होती. उंच, रुंद, काळीसावळी. ती चालायला लागली की वस्तीवरची कुत्रीसुद्धा वाट सोडायची. नव्वदच्या दशकात आम्ही भावंडं मे महिन्यात जुन्नरहून तिच्याकडे जायचो आणि तिच्याच हाताखाली पोहायला शिकायचो. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायची, पायरीवरून खुशाल ढकलून द्यायची आणि वरून ओरडायची, "हात मार, हात! पानी काय खातंय व्हय तुला?" दोन सुट्ट्यांत माझा डबा सुटला. मग मी पाण्याबाहेर निघायचं नाव घेत नसे.

बाराव्या वर्षी माझं अंग भरलं, तेही एकदम. त्या उन्हाळ्यात मी कठड्यावर आले आणि आतेभावाचा एक दोस्त ओरडला, "सरका रं! हिनं उडी मारली की पानी थेट पाटात. मोटर लावायलाच नको!" सगळी पोरं खिदळली. मीही हसले... हसावंच लागतं. पण टॉवेल गुंडाळून पायरीवर बसले ती उठलेच नाही. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणाले. मग ताटातली भाकरीही अर्धी राहायला लागली. आत्याच्या नजरेतून असलं काही सुटायचं नाही.

एका दुपारी तिनं मला हाताला धरून विहिरीवर नेलं. पोरं पाण्यातच होती. तिनं लुगडं खोचलं, "व्हा बाजूला" म्हणाली आणि अशी दणदणीत उडी घेतली की कठड्यावरचे कपडे भिजले. वर येऊन तोंडावरचं पाणी निपटत तिनं त्याच पोराला विचारलं, "आलं का रं पाटात पानी? ये की बघून." त्याचं तोंड एवढंसं झालं. "आता ऐका समदी. हिरीवर कुनाच्या अंगाला नावं ठिवायची न्हाईत. जाडं न्हाई, वाळकं न्हाई, काळं न्हाई. ज्याला ठिवायची असत्याल त्यानं घरी बसायचं."

मग निथळत माझ्या शेजारी येऊन बसली. "आत्या, मी फार जाड दिसते का गं?" मी हळूच विचारलं. ती "नाही" म्हणाली नाही, हे मला अजून आठवतं. माझी आई झटकन म्हणाली असती, छे गं, कुठं जाड! आत्या पदर पिळत राहिली. "लगीन होऊन मी हितं आले, तवा सासरची एक बाई म्हनली, हिरीत म्हस उतरली बघा. त्या दिसापास्नं मी पान्यात उतरलेच न्हाई. लई वर्सं. पोरं झाली, मोठी झाली... ह्याच पायरीवर धुनं धुवायचे आन् पान्याकडं बघत बसायचे. तुमा पोरांना शिकवायचं म्हनून मंग उतरले." तिनं माझ्या पाठीवर ओला हात ठेवला. "ती वर्सं मला कुनी आनून देनार न्हाई. तू तुझी घालवू नगंस." उडी मारायचा धीर झाला नाही, पण मी टॉवेल ठेवला आणि पायऱ्यांनी पाण्यात उतरले.

तिचा हा नियम एकदा तिच्याच अंगलट आला. कॉलेजात असताना कावीळ झाली, त्यातून उठून मी तिला भेटायला गेले. दारातच "अगं बया, किती वाळलीस!" म्हणाली आणि लगेच जीभ चावली. "आपन हिरीवर न्हाई, म्हनून चालतंय," असं म्हणून स्वतःच हसत सुटली. पोट धरून हसायची ती. त्या हसण्यासाठी आता जीव तुटतो.

दहाव्याला गेले तेव्हा वहिनीनं आत्याचं पोहायचं लुगडं माझ्या हातात दिलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. इथे पुण्यात ते नुसतंच कपाटात पडून होतं. गेल्या आठवड्यात माझी तिसरीतली लेक आरशासमोर पोट आत ओढून उभी दिसली. शाळेत कुणी काहीतरी म्हटलं होतं. पोहण्याच्या तासाला जाणार नाही म्हणाली. मी "छे गं" म्हणायला तोंड उघडलं आणि थांबले. राजुरीला फोन लावावा म्हणून हात गेलासुद्धा...

शेवटी म्हटलं, "आत्याआजीच्या विहिरीवर जाऊ. मी शिकवते तुला." ती आरशातूनच म्हणाली, "पण तू तर कधीच पाण्यात उतरत नाहीस."

खरं होतं ते. बाळंतपणात अंग सुटलं, तेव्हापासून मी काठावरच उभी असते. आत्याला हे ठाऊक नव्हतं, आणि आता सांगायची सोय नाही. रविवारी आम्ही दोघी राजुरीला निघालोय. लुगडं पिशवीत भरलंय. आधी मी उतरणार, तसं लेकीला कबूल केलंय. नऊवारी नेसता मात्र मला येत नाही. ते आत्याकडून शिकायचं राहून गेलं.