कासवाची अंडी आणि कोंबडीचा हुकूम

"साहेब, कासवीन तं अंडी घालून समुद्रात निघून गेली. मंग तिची अंडी रोज कोन फिरवते?"

हा माझ्या बायकोचा प्रश्न. इनचार्ज साहेब वाळूच्या खड्ड्यात कोपरापर्यंत हात घालून अंडी उलटीपालटी करत होते. ते हसले. मला काही हसू येईना.

मी वाशीमच्या सरकारी हॅचरीत होतो. हॅचरी म्हणजे मशीनमध्ये अंडी उबवून कोंबडीची पिल्लं काढायची जागा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मेव्हण्याची बदली कोकणात झाली होती, म्हणून बायको-पोरीला घेऊन पहिल्यांदा समुद्र पाहायला गेलो. तिथे कासवांची अंडी राखायचं केंद्र नवीनच उघडलं होतं. किनाऱ्यावर सापडलेली अंडी कुंपणात पुरायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पोरीला ती पिल्लं पाहायची होती. वाशीमपासून तिनं त्याचाच धोसरा लावला होता.

"एकही निघालं नाही," इनचार्ज म्हणाले. "इथली कासवंच निकस आहेत."

हे साहेब आमच्याच पोल्ट्री खात्यातून डेप्युटेशनवर गेलेले. कोंबडी चोचीनं अंडी फिरवते, म्हणून आम्हीही मशीनमध्ये फिरवतो. तोच नियम यांनी उचलून वाळूत नेला!

मी टॉर्च मागितला. अंड्यामागे उजेड धरून आत पाहायचं, याला आम्ही कॅन्डलिंग म्हणतो. त्यांनी उपसलेली अंडी पाहिली. आत रक्ताचं कडं. म्हणजे जीव धरला होता आणि मग मेला होता. माझं टाळकंच सरकलं.

"कासवाले काहून नावं ठेवता? तुमचा हात मारून राह्यला ना त्यायले!"

"फिरवायचा हुकूम आहे. नाही फिरवली आणि मेली, तर जबाबदार कोण?"

"मी! काल पुरलेला तो कोपऱ्यातला खड्डा तेवढा सोडा. बोटही लावू नका."

वाशीमला परतलो, तर तक्रार माझ्या आधी पोचलेली.

"इंगोले, रजेवर गेले व्हते का इन्स्पेक्शनले?" आमचे साहेब कडाडले. "दुसऱ्याच्या कामात कायले नाक खुपसता?"

बोलणी खाल्ली आणि कामाला लागलो.

उन्हाळ्यात मेव्हणा आला. कोपऱ्यातल्या खड्ड्यातून घमेलंभर पिल्लं निघाली आणि तुरुतुरु समुद्रात गेली, असं त्यानं सांगितलं. पोरगी घरभर नाचली. "मले काहून नाही दाखवले?" म्हणून नंतर रडलीही. बाकीचे सगळे खड्डे वाया गेले होते. आणि शाबासकी मिळाली इनचार्जला, नवीन पद्धत शोधली म्हणून! त्या मेलेल्या अंड्यांचा जाब कोणी विचारला नाही.

पुढे खात्याचं सर्क्युलर आलं : यापुढे अंडी फिरवू नयेत. कोणाची, ते लिहिलंच नव्हतं.

"मशीनचं अंडी फिरवायचं हँडल बंद करा," आमचे साहेब म्हणाले.

"साहेब, हा हुकूम कासवाचा आहे!"

"कासवाचं नाव कुठी लिहिलं, दाखवा."

मी सर्क्युलरवर सही केली, आत गेलो आणि हँडल फिरवलं. रोज फिरवत राहिलो. पिल्लं निघाली. साहेबांनी वर कळवलं, हुकमाचं तंतोतंत पालन झालं.

तेव्हापासून कुठलाही हुकूम आला, की मी आधी विचारतो, अंडं कोणाचं?