अपॉइंट

माणसाला पद दिलं की त्याच्यात जबाबदारी आपोआप उतरते, अशी माझी अनेक वर्षं श्रद्धा होती. मग आमच्या लालबागच्या चाळीचा टॉवर झाला आणि टॉवरची लिफ्ट बंद पडली.

आमच्याकडे ‘अपॉइंट’ हे क्रियापद सर्रास मराठी म्हणून वापरतात. त्याचे अर्थही सोयीप्रमाणे बदलतात. बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘वेल-अपॉइंटेड लॉबी’ असं छापलं होतं. म्हणजे संगमरवर, झुंबर आणि ज्याच्यावर बसलं की वॉचमन हटकतो तो सोफा. अकराव्या मजल्यावरच्या काकींच्या तोंडी ‘अपॉइंट’ म्हणजे तारीख. परळच्या हॉस्पिटलात त्यांची मोतीबिंदूची अपॉइंट गुरुवारी होती आणि त्यासाठी त्या दिवाळीपासून थांबल्या होत्या. एक डोळा आधीच गेलेला, दुसरा अंधुक होत चाललेला. गुडघे असे, की जिन्याचा विषय काढायची सोय नव्हती.

सोमवारी लॉबीत सभा भरली. लिफ्टचा मेकॅनिक नवा भाग पिशवीत घेऊन झुंबराखाली उभा होता. सोसायटीतल्या कुणीतरी त्याला ‘बसव’ एवढं म्हणायचं होतं. काकींचा निरोप मी सभेला सांगितला: गुरुवारी सकाळी लिफ्ट चालू हवी, बाकी कधीही बंद ठेवा.

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या आणि लिफ्ट समिती नेमायला घेतली.

चाळीतल्या गणपती मंडळापासून आमची एक रीत आहे. पदाशिवाय कुणाला घरी पाठवायचं नाही, नाहीतर तो पुढची दहा वर्षं रुसतो. तेव्हा एक अध्यक्ष झाले. ते ए विंगचे निघाले म्हणून बी विंगमधून कार्याध्यक्ष आले. मग उपाध्यक्ष, त्यांचे सह, त्या सहांचे सल्लागार. एक गृहस्थ नुसते ‘प्रमुख’ झाले. कशाचे, हे त्यांनीही विचारलं नाही. मला सहसल्लागार केलं; मी नको म्हणालो तो विनय समजला गेला. प्रत्येकाला शाल आणि नारळ. शाली आधीच आणून ठेवल्या होत्या, एवढं नियोजन या इमारतीत मी प्रथमच पाहिलं. उग्र अत्तर, तोंडात पेढा आणि फ्लेक्ससाठी काढून ठेवलेलं ते हसू.

मेकॅनिकने दोनदा विचारलं, “साहेब, चालू करू काम?”

अध्यक्ष म्हणाले, “अरे थांब जरा. समिती आत्ताच अपॉइंट झालीय. रविवारी पहिली बैठक घेऊ, रीतसर ठरवू.”

“काकींची तारीख गुरुवारी आहे,” मी म्हणालो.

“त्यांना विसरलो नाही आपण,” अध्यक्ष म्हणाले. “त्यांना ज्येष्ठ मार्गदर्शक केलंय. शाल तेवढी वर पोचवा.”

मेकॅनिक पिशवी उचलून निघून गेला. मी शाल घेऊन अकरा मजले चढलो. दार सुनेने उघडलं. काकींनी शाल चाचपून पाहिली आणि ही कसली म्हणून विचारलं. मी सांगितलं.

“माका मार्गदर्शक केल्यानी?” त्या म्हणाल्या. “अरे, माका वाट दिसना नाय. लिफ्ट कधी?”

मी रविवारच्या बैठकीचं सांगितलं. त्यांनी शाल घडी करून सुनेकडे दिली, पायपुसण्याला बरी म्हणून.

गुरुवारी सुनेने आणि मी त्यांना खुर्चीत बसवून खाली न्यायचा प्रयत्न केला. दहाव्या मजल्याच्या वळणावर माझी कंबर धरली आणि खुर्ची कलली. काकींनी कठडा घट्ट पकडला. मग म्हणाल्या, “पुरे झाला रे. वर ने.” शेजारची दारं वाजवली तेव्हा ‘प्रमुख’ बाहेर आले. त्यांनी आम्हाला सांभाळून जायला सांगितलं आणि दार लावलं.

रविवारी बैठक झाली, मंगळवारी मेकॅनिकला परत बोलावलं. त्याने काम तासाभरात उरकलं. उद्घाटन मात्र शनिवारी ठेवलं आणि तोवर लिफ्टच्या दाराला फीत बांधून ठेवली. फीत कापायचा मान ज्येष्ठ मार्गदर्शकांचा, पण त्यांना खाली आणायचं तर लिफ्ट वापरावी लागणार, म्हणून समारंभ अकराव्या मजल्यावर हलवला. समिती जिना चढून आली, धापा टाकत. काकींना फीत दिसत नव्हती. अध्यक्षांनी त्यांचा हात धरून कात्री तिथपर्यंत नेली.

हॉस्पिटलने ऑपरेशनची पुढची तारीख पावसाळ्यानंतरची दिली आहे.