पोपटाची दृष्ट

माझा मेहुणा जहाजावर नोकरीला आहे. मागच्या वर्षी सुट्टीत त्याने मुंबईहून एक पोपट आणला. परदेशी जातीचा, हिरव्या अंगाचा, करड्या छातीचा, जेमतेम चार महिन्यांचा. आपला देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे, म्हणून मी आधी कागद पाहिले. कागद बरोबर होते. आठव्या दिवशी मेहुण्याला जहाजावरून बोलावणे आले आणि पिंजरा आमच्या पडवीत आला. "भाऊजी, सहा महिने सांभाळा, बाकी कोणावर माझा भरवसा नाही," असे तो म्हणाला. मी हो म्हटले.

पहिल्याच संध्याकाळी पोपटाने माझी तर्जनी फोडली. दुसऱ्या दिवशी पाणी बदलताना बायकोचा अंगठा धरला तो सोडेना. तिसऱ्या दिवशी तिने निकाल दिला.

"चतुर्थीला किती दिवस आहेत?"

"एक्केचाळीस."

"मुंबईची चार पोरं येणार घरात. सगळी पिंजऱ्यात बोटं घालणार. तोवर याचं चावणं थांबलं तर राहू दे. नाहीतर चिपळूणला एक जण पक्षी पाळतो, त्याला देऊन टाकू. मी बोलून ठेवलंय."

चिपळूणच्या माणसाकडे चाळीस पक्षी आहेत हे मला ठाऊक होते. हा पिल्लू असताना एकीकडे, मग मेहुण्याकडे, मग आमच्याकडे. चार महिन्यांत तिसरे घर. चौथ्यात चाळीस जणांच्या गर्दीत गेला तर माणसाच्या हातावर कधीच येणार नाही, असे मला वाटत होते. शिवाय मी शब्द दिला होता. तो मोडायचा नाही हे ठरवून मी कामाला लागलो.

जमीनमोजणीच्या खात्यात सत्तावीस वर्षे काढल्याने मला मोजल्याशिवाय काही कळत नाही. एक वही केली. सकाळी साडेसहाला दहा वेळा आणि संध्याकाळी साडेसातला दहा वेळा हात पिंजऱ्यात न्यायचा, किती वेळा चावतो ते लिहायचे. मोबाइलवर पाहिले होते की बोट पुढे करू नये, मूठ वळून पुढे करावी, म्हणजे चोचीला धरायला काही मिळत नाही. त्याप्रमाणे मूठ वळली. चोचीला धरायला मिळत होते.

पहिल्या आठवड्याचा हिशेब असा. सकाळी सत्तर वेळांपैकी एकोणीस चावे. संध्याकाळी सत्तर वेळांपैकी चौपन्न. पोपट तोच, मूठ तीच. संध्याकाळी त्याला भूक असेल म्हणून आधी खायला घातले. फरक नाही. उजेड कमी पडत असेल म्हणून मोठा दिवा लावला. फरक नाही. हात साबणाने धुऊन पुढे केला, तरी साबणासकट चावला.

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. माझ्या बोटांवरच्या पट्ट्या पाहून ती रोज हळहळायची. "परत चावलान मेल्यानं? पाखरू वाईट नाय रे. गोजिरवाणं आहे, येणारा-जाणारा बघतो. नजर लागल्ये त्याला." माझे लक्ष वहीत असायचे.

दुसऱ्या आठवड्यात आई मालगुंडला माझ्या बहिणीकडे चार दिवस राहायला गेली. त्या चार संध्याकाळींचे चावे सहा, चार, दोन आणि एक असे उतरत गेले. मी बायकोला वही दाखवली. ती म्हणाली, "अहो, जमतंय की तुम्हाला!" मलाही तसेच वाटले. पाचव्या दिवशी दुपारी आई परतली. त्या संध्याकाळी दहापैकी नऊ.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आल्यावर चहा घेऊन पडवीतच बसून राहिलो. एरवी या वेळी मी आंघोळीला जातो. दिवेलागणीला आई आतून आली. एका हातात निखाऱ्यांचे धुपाटणे, दुसऱ्या मुठीत मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या. धुपाटणे पिंजऱ्याखाली ठेवून तिने मूठ पिंजऱ्याभोवती ओवाळायला सुरुवात केली. "आल्यागेल्याची, शेजारणी-पाजारणीची, वाईटसाईट सगळी जळून जाऊ दे."

मूठ दिसताच पोपटाने पिसे अंगाला चापून घेतली. मूठ फिरेल तसा तो दांडीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत होता. मग मूठ निखाऱ्यांवर उघडली. मिरच्या तडतडल्या. पावसाची झड येते म्हणून पडवीला सगळ्या उघड्या बाजूंनी ताडपत्री लावलेली. धूर जाणार कुठे? मला ठसका लागला. पोपट जाळीला चोच लावून, डोळे मिटून बसला होता. आणि त्यानंतर अर्ध्या तासाने मी रोज त्याच्यापुढे वळलेली मूठ नेत होतो.

लहानपणापासून माझी दृष्ट याच मुठीने काढली गेली आहे. ती मूठ कोणाला भीतीची वाटेल हे माझ्या मनातही आले नव्हते. रोज संध्याकाळी पडवीत मिरच्यांचा वास येत होता, आणि वहीत मी फक्त पोपट आणि माझा हात लिहीत होतो.

मी तिथल्या तिथे बोललो. "आई, उद्यापासून त्याची दृष्ट काढायची नाही."

"का? ऑफिसात कोणी सांगितलान?"

"तुझ्या मुठीला आणि धुराला घाबरतो तो. तू नव्हतीस तेव्हा चावे कमी झाले. हे बघ आकडे."

आईने वहीकडे पाहिलेसुद्धा नाही. "बाहेरची नजर मांडता येत्ये काय तुझ्या वहीत?"

"नाही. चावे मांडता येतात."

"म्हणजे मी घरात नसले की बरं. असंच ना?" असे म्हणून तिने धुपाटणे उचलले आणि ती आत गेली.

बायको दारातच उभी होती. "अहो, आकडे बरोबर असतील. पण असं सांगतात का आईंना?"

दोन दिवस आई माझ्याशी बोलली नाही. जेवताना बायकोला म्हणायची, "त्याला विचार, भात हवा काय." दृष्ट मात्र काढली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने मला मागीलदारी बोलावले. धुपाटणे पेटलेले होते.

"मी विचार केला. चावून घेतोस तू, रक्त येतं तुझं. म्हणजे नजर लागल्ये ती तुला. पोपटाची काढत बसले ही चूक माझीच. उभा राहा."

"पाऊस पडतोय, आई."

"मग छत्री धर. निखाऱ्यांवर धर, डोक्यावर कशाला धरतोस?"

त्या दिवसापासून मी रोज मागीलदारी भिजत उभा राहिलो. वाद घातला नाही. माझी फुप्फुसे पोपटापेक्षा मोठी आहेत.

सत्तावीस दिवस उरले होते. मुठीचा प्रयोग मी सोडून दिला. पिंजऱ्याचे दार उघडे ठेवून बाहेर पालथा नव्हे, उताणा तळहात धरायचा, त्यावर सूर्यफुलाच्या तीन बिया, आणि हलायचे नाही. चावला तरी हात मागे घ्यायचा नाही, मनात पाच मोजायचे. हात झटकून मागे घेतला की चावल्याने हात पळतो हे त्याला पाठ होते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. पहिले सहा दिवस तळहात पाहून तो कोपऱ्यातून हललाच नाही. सातव्या दिवशी एक बी उचलून पळाला. दहाव्या दिवशी कडकडून चावला. मी पाचऐवजी अकरा मोजले, कारण तो सोडतच नव्हता. पण हात हलला नाही.

आई शेजारी खुर्चीवर बसून असायची. एकदा म्हणाली, "घाई दिसत्ये तुझ्या चेहऱ्यावर. त्याला कळतं ते." मी चेहरा वळवून भिंतीकडे पाहत बसू लागलो. सोळाव्या दिवशी तळहातावर एक गार, खरबरीत पाय पडला. मग दुसरा. मी भिंतीवरून नजर काढली नाही.

चतुर्थीला तीन दिवस उरले तेव्हा शेवटच्या साठ वेळांमध्ये दोन चावे होते. मी बायकोला सांगितले. ती म्हणाली, "तुम्हाला चावत नाही हे ठीक. पोरांना?" आणि ओढणीला हात पुसून ती स्वतःच पिंजऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. अंगठ्यावरचा वण अजून दिसत होता. तिने तळहात पुढे केला. बिया घ्यायला ती विसरली होती. मी सांगणार होतो, आईने माझा हात दाबला.

पोपटाने रिकामा तळहात एका डोळ्याने पाहिला, मग मान वळवून दुसऱ्याने पाहिला. तिच्या अंगठ्याला चोच लावली. बायकोचा खांदा ताठ झाला, पण हात तिथेच राहिला. चोच उघडलीच नाही. तो हातावर चढला, मनगटावरून कोपरापर्यंत चालत गेला आणि तिथे बसून पिसे साफ करू लागला.

आत कुकरची चौथी शिट्टी झाली. बायको हात तसाच पुढे धरून उभी होती.

"अहो, गॅस बंद करा आधी," ती म्हणाली. "आणि चिपळूणचा फोन लावून माझ्या कानाला धरा. हा काही उतरत नाही."